पोम्पेईची ‘लक्ष्मी’: एका अनोळखी वस्तूची ओळख

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीतील अडगळीची एक खोली रिकामी करावयाची होती. मोडकी बाके, फाटके नकाशे, शाईच्या दौती असे नेहमीचे सामान निघाले. आणि सर्वांत शेवटी, भिंतीच्या कडेला पडलेली एक लाकडी वस्तू निघाली. हातभर लांबीचा, मनगटाएवढ्या जाडीचा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला तो एक रूळ होता. त्याच्या एका टोकास मळसूत्रासारखे आटे कोरलेले होते. लाकूड शिसवीसारखे काळेभोर. ही वस्तू कोणी आणली, केव्हा आणली, कशासाठी आणली, हे शाळेतील एकासही सांगता येईना.

शिक्षकांच्या खोलीत ती टेबलावर ठेवली आणि तर्कांस ऊत आला. विज्ञानाच्या शिक्षकांच्या मते तो पुस्तकबांधणीच्या शिकंज्याचा दांडा असावा. लेखनिकांस त्यात तेल्याच्या घाण्याचा अवशेष दिसला. एका तरुण सहकाऱ्याने तोफेत दारू ठासण्याचा गज म्हणून त्याची संभावना केली आणि संध्याकाळपर्यंत ती वस्तू थेट आसफजाही अमदानीत जाऊन पोहोचली. मी स्वतः इतिहास घेऊन पदवीधर झालेलो. तेव्हा निर्णय मीच द्यावा अशी अपेक्षा होती. मीही मोठ्या विश्वासाने पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर ‘जुन्या छापयंत्राचा भाग’ असे सुवाच्य अक्षरात लिहून तो रुळापुढे उभा केला.

ती चिठ्ठी तेथे आठ दिवस होती. नवव्या दिवशी आमच्या शिपायाची आई गावाहून आली. परभणीकडच्या त्या आजी मुलाला भेटावयास शाळेत आल्या असता त्यांची दृष्टी रुळाकडे गेली. त्यांनी तो उचलला, आट्यांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाल्या, “मास्तर, ही तर चरकी. हिचा जोडीदार कुठं हाय? आमची सासू ह्याच्यावर सरकी काढायची.”

एका वाक्यात सारा उलगडा झाला. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या चरकीत असे दोन रूळ एकमेकांस भिडवून बसविलेले असतात. एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत गुंततात, त्यामुळे एक रूळ फिरविला की दुसरा आपोआप उलट दिशेने फिरतो. रुळांच्या फटीतून रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. आम्ही सर्वांनी आटे पाहिले होते. परंतु आटे म्हणजे दाब, दाब म्हणजे छापयंत्र, एवढीच आमच्या विचाराची धाव. आजींनी प्रथम विचारले ते हे, की हिचा जोडीदार कोठे आहे. ह्या प्रश्नाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

हा किस्सा क्षुल्लक असला, तरी त्यावरून मला एका फार मोठ्या वस्तूची आठवण झाली. ती वस्तू आकाराने आमच्या रुळाहूनही लहान आहे. परंतु तिच्या ओळखीचा प्रश्न ऐंशी वर्षांहून अधिक काळ विद्वानांपुढे आहे, आणि त्या प्रश्नाचा एक धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

इटलीच्या दक्षिण भागात, नेपल्सजवळ, पोम्पेई नावाचे नगर होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि राखेखाली व दगडांच्या वर्षावाखाली ते गाडले गेले. त्या नगराचे उत्खनन दोन-अडीच शतके चालू आहे. १९३८ साली अमेदेओ मायुरी ह्या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली तेथील एका मोठ्या रस्त्यालगतचे घर खणले जात असता एक हस्तिदंती मूर्ती हाती आली. तिची उंची सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक. मूर्ती स्त्रीची आहे. अंगावर वस्त्र नाही, अलंकार मात्र विपुल आहेत: गळ्यात हार, कमरेस मेखला, मनगटापासून वरपर्यंत भरलेली कांकणे, पायांत थरावर थर चढविलेले वाळे. पाय एकमेकांवर तिढा देऊन ती उभी आहे आणि हात उचलून जणू आपला साजशृंगार सावरीत आहे. तिच्या दोन बाजूंस दोन लहान दासी असून त्यांच्या हातांत प्रसाधनाची पात्रे आहेत.

रोमन घरात रोमन देवता सापडावी, ग्रीक सापडावी, फार तर इजिप्तची इसिस सापडावी, ह्यात कोणास नवल वाटले नसते. परंतु ही स्त्री त्यांपैकी कोणाच्याही कुळातील नव्हती. ती ह्या घरात कशी आली, हे सांगणारा लेख घरात नव्हता. पुढे त्या घरासच ‘भारतीय मूर्तीचे घर’ असे नाव पडले. म्हणजे यजमानाचे नाव विस्मृतीत गेले आणि पाहुणीच्या नावाने घर ओळखले जाऊ लागले!

आता अशी अनोळखी वस्तू ओळखावयाची कशी? वाचकांनी ही पायरी-पायरीची रीत लक्षात घ्यावी अशी माझी विनंती आहे. कारण ती पोम्पेईस जितकी लागू आहे, तितकीच आपल्या गावच्या पांढरीवर सापडलेल्या मण्यासही लागू आहे.

पहिला प्रश्न, वस्तू कोठे आणि कोणत्या थरात सापडली? ह्या बाबतीत पोम्पेईची मूर्ती भाग्यवान म्हटली पाहिजे. ७९ साली ज्या घरावर राखेचे झाकण बसले, त्या घरात ती होती. म्हणून ती त्या वर्षापूर्वी घडली आणि त्यापूर्वीच इटलीस पोहोचली, ह्याविषयी वाद संभवत नाही. भारतीय कलेच्या इतिहासात असा निश्चित कालबिंदू फार थोड्या वस्तूंस लाभतो. आपल्याकडील कित्येक शिल्पांचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो आणि त्यात शतकाचा फरक सहज पडतो. येथे एका परदेशी ज्वालामुखीने आपल्या कलेस तारीख घालून दिली आहे.

दुसरा प्रश्न, वस्तू कशाची आहे? हस्तिदंत म्हटले की आपणास भारत आठवतो; परंतु हत्ती आफ्रिकेतही आहेत आणि रोमन कारागीरही हस्तिदंत कोरीत असत. म्हणून केवळ द्रव्यावरून निर्णय करता येत नाही. द्रव्य शंका निर्माण करते, उत्तर देत नाही.

तिसरा प्रश्न घडणीचा. येथे मात्र मूर्ती आपण होऊन बोलू लागते. सांचीच्या तोरणावरील वृक्षाला बिलगलेल्या यक्षी आठवाव्यात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांची युग्मे आठवावीत. तेच जड अलंकार, तीच रुंद मेखला, तोच देहाचा भरीवपणा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. तेथील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांनी केले, असे त्यात नोंदविले आहे. दगडावरची कला आणि हस्तिदंतावरची कला ह्या तेव्हा सख्ख्या बहिणी होत्या. तेव्हा पोम्पेईची मूर्ती भारतीय हाताने घडली, हे मायुरींनी लवकर ओळखले आणि त्याविषयी पुढे मतभेद झाला नाही.

परंतु ‘भारतीय’ म्हणजे कोण? येथे घाई झाली. ऐश्वर्यसंपन्न, अलंकारमंडित भारतीय स्त्री म्हणजे लक्ष्मी, असे अनुमान निघाले आणि तेच नाव रूढ झाले. वस्तुतः त्या काळची लक्ष्मी कशी दाखवीत, हे भारहूत व सांची येथे उघड दिसते. ती कमळावर असते, तिच्या हाती कमळ असते, दोन्ही बाजूंस हत्ती तिच्यावर कलशांनी जलाभिषेक करीत असतात. पोम्पेईच्या मूर्तीजवळ ह्यांतील काही नाही. तिच्या बाजूस गज नाहीत, दासी आहेत. दासींच्या हाती अभिषेकाचे कलश नाहीत, प्रसाधनाची भांडी आहेत. तिच्या विवस्त्र रूपाचे साम्य लक्ष्मीपेक्षा यक्षीशी अधिक आहे. म्हणून पुढील अभ्यासकांचा कल तिला यक्षी मानण्याकडे झाला. शृंगार करणारी एखादी लौकिक सुंदरीच येथे कोरली आहे, असेही म्हणण्यास जागा आहे. असे असूनही पुस्तकांतून आणि लोकांच्या तोंडी ती आजतागायत ‘पोम्पेईची लक्ष्मी’च राहिली आहे. एकदा चिकटविलेली चिठ्ठी काढणे किती कठीण असते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. माझ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यास नऊ दिवसांत आजी भेटल्या; लक्ष्मीच्या चिठ्ठीचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते.

चौथा प्रश्न उपयोगाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा. मूर्तीच्या मस्तकात वरून खाली एक भोक पाडलेले आहे. देवतेच्या मूर्तीस असे भोक कशाला? त्यात काहीतरी बसविलेले असले पाहिजे. ह्यावरून ही मूर्ती पूजेची नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या वस्तूचा भाग असावी असे अनुमान निघाले. काहींच्या मते तो आरशाचा दांडा होय: वर धातूचा चकचकीत आरसा आणि खाली मुठीच्या जागी ही सुंदरी. दुसऱ्या मताप्रमाणे ती एखाद्या लहान तिवईचा पाय असावी. तशा इतर मूर्ती मिळून वरची फळी तोलून धरीत असाव्यात. ह्या दोन मतांत निवाडा कोणताही होवो, दोहोंत एक गोष्ट समान आहे: ही मूर्ती एकटी नव्हती. आमच्या आजींचा प्रश्न येथे अक्षरशः लागू पडतो. हिचा जोडीदार कुठं हाय?

पाचवा प्रश्न हाच: वस्तूची भावंडे कोठे आहेत? एकट्या वस्तूवरून तर्क करता येतो; परंतु तिच्यासारखी दुसरी वस्तू सापडली म्हणजे तर्कास आधार मिळतो. मूर्तीच्या शोधाच्या सुमारासच अफगाणिस्तानात बेग्राम येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जोसेफ हाकँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांस बंद खोल्यांत भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळाला. त्यांत आसनांवर व पेट्यांवर जडविण्याचे कोरीव तुकडे होते. साहजिकच पोम्पेईच्या मूर्तीची जन्मभूमी उत्तरेत शोधली जाऊ लागली आणि मथुरेचे नाव पुढे आले. ह्या मतास आणखी एक पुष्टी होती. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही मुख्यतः वायव्य भारताची लिपी होय. सुटे भाग जुळविताना गोंधळ होऊ नये म्हणून कारागीर अशा खुणा करीत.

आता दक्षिणेकडे वळू. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव मराठी माणसास माहीत आहे ते गोरोबाकाकांचे म्हणून. परंतु त्याच गावाचे प्राचीन नाव तगर. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत ह्या नगराचा उल्लेख आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर दक्षिणेस पैठण आणि तेथून दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेस तगर, असे अंतर त्यात दिले असून ह्या नगरांतून गाड्यांवर लादून माल भडोचला येतो असे म्हटले आहे. भडोचहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे. तगर म्हणजेच तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट ह्यांनी १९०१ साली पटवून दिली. त्याआधी तगराचा शोध पश्चिम भारतातील अनेक गावांत घेतला गेला होता. म्हणजे वस्तूंप्रमाणे गावांनाही चुकीच्या चिठ्ठ्या चिकटतात.

तेरच्या पांढरीतून पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीची चित्रे वर येत. गावचेच एक गृहस्थ रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षे वेचून जपल्या. विद्यापीठाची पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही. परंतु लोक ज्यास खापर म्हणून लाथाडीत, ते त्यांनी घरात मांडून ठेवले. ब्रिटिश म्यूझियमचे डग्लस बॅरेट ह्यांनी १९६० साली तेरच्या पुरावशेषांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. आज तेर येथे लामतुरे ह्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेरच्या ह्या वस्तूंत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे: तशीच अलंकारमंडित, त्याच धाटणीची. पोम्पेईच्या पाहुणीस अखेर माहेरचे माणूस भेटले!

पुढे १९७३ साली जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे शां. भा. देव व र. शं. गुप्ते ह्यांनी उत्खनन केले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांस दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आहेत. म्हणजे विदिशेचे दंतकार आणि भोगवर्धनचे दाते हे एकाच सांचीच्या दगडांवर शेजारी नांदत आहेत. ह्या भोकरदन येथे हस्तिदंती कामाचे अवशेष मिळाले आणि त्यांत पोम्पेईच्या मूर्तीशी निकटचे साम्य असलेले काम आढळले. म. के. ढवळीकर ह्यांनी ह्या पुराव्यावर बोट ठेवून पोम्पेईची मूर्ती भोकरदन येथे घडली असावी असे मत मांडले. मथुरेकडे गेलेला धागा असा सातवाहनांच्या मुलखात परत आला.

मग त्या खरोष्ठी अक्षराचे काय? येथे मला एक विचार सुचतो. पेरिप्लसच्या काळी कल्याण बंदरात येणाऱ्या ग्रीक जहाजांस अडथळा होत होता आणि त्यांस पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे त्या ग्रंथातच सांगितले आहे. म्हणजे दख्खनचा माल जवळचे कल्याण सोडून भडोचच्या वाटेस लागला होता. भडोचवर सत्ता होती ती क्षत्रपांची. आणि क्षत्रप नहपान ह्याच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशी तीनही अक्षरे आढळतात. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला आहे. सारांश, खरोष्ठी जाणणारा माणूस तेव्हा नाशिक-भडोचच्या वाटेवर दुर्मिळ नव्हता. म्हणून एका अक्षराच्या बळावर मूर्ती वायव्येची ठरत नाही; तसेच तेवढ्याने ती भोकरदनचीही ठरत नाही. पारडे दख्खनकडे झुकते ते भावंडांच्या साम्यामुळे, अक्षरामुळे नव्हे.

भडोचहून पुढची वाट ठाऊक आहे. मोसमी वाऱ्यावर जहाज तांबड्या समुद्रात जाई; तेथून उंटांवर लादून माल नाईल नदीस, नदीतून अलेक्झांड्रियास, आणि अलेक्झांड्रियाहून इटलीच्या पुतेओली बंदरात. हे बंदर पोम्पेईपासून दूर नव्हे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने तक्रार केली आहे, की भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स गिळतो. गंमत अशी, की ज्या स्फोटात ही भारतीय मूर्ती गाडली गेली, त्याच स्फोटात, लोकांच्या मदतीस गेला असता, प्लिनीचाही अंत झाला. तक्रार करणारा गेला. ज्या चैनीविषयी तक्रार होती ती मात्र राखेखाली सुरक्षित राहिली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

ह्या देवघेवीची दुसरी बाजू कोल्हापुरात पाहावयास मिळते. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा एक साठा निघाला आणि त्यात पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी मूर्ती होती. पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित ह्यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्तीचे चित्र स्पष्ट झाले. पोसायडनचे आयुध त्रिशूळ. नुसत्या त्रिशुळावरून ओळख ठरवावयाची, तर आपण त्यास खुशाल शंकर म्हणू. जसे इटलीतील कोणी आपल्या यक्षीस व्हीनस म्हणेल. परक्या वस्तूत आपला चेहरा पाहण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच असतो.

हा मोह मला विशेष चिंतेचा वाटतो, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच होय. आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी लोक. आमच्या मुलांस आपल्या पूर्वजांविषयी काही सांगावयाचे, तर आमच्याकडून सहज अतिशयोक्ती होते. ही हकीकत मी वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे रोममध्ये आपल्या लक्ष्मीची पूजा व्हायची का?” ‘होय’ म्हटले असते, तर वर्गात टाळ्या पडल्या असत्या. मी ‘नाही’ म्हटले. ती लक्ष्मी नसावी. असली तरी तिची तेथे पूजा होत होती, असे दाखविणारे काही नाही. बहुधा ती एखाद्या श्रीमंताच्या घरातील आरशाचा दांडा किंवा तिवईचा पाय होती. मुलगा थोडा हिरमुसला. परंतु मग मी त्यास विचारले, की भोकरदनसारख्या गावच्या कारागिराने घडविलेला तिवईचा पाय दोन समुद्र ओलांडून तेथवर जातो, ह्यात अभिमानास जागा कमी आहे काय? मुलगा विचारात पडला. खोट्या देवीपेक्षा खरा कारागीर मोठा, हे त्यास एका दिवसात पटेल असे नाही. परंतु शिक्षकाने तरी खरे सोडता कामा नये.

गोरोबाकाकांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी विचारले, ह्यांतील कच्चे मडके कोणते? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. बाकी सारे शांत राहिले. नामदेवांनी मात्र तक्रार केली आणि ते कच्चे ठरले. तेरच्याच मातीतील ही कथा मला पुरातत्त्वशास्त्राची पहिली पायरी वाटते. आपला प्रत्येक तर्क असा थापटण्याने ठोकून पाहावा. जो ठोका सोसत नाही, तो कच्चा समजून पुन्हा भट्टीत घालावा. आणि कथेचा उत्तरार्धही विसरू नये: कच्चे ठरलेले नामदेव पुढे पक्के झाले. तर्क चुकला म्हणजे मनुष्य संपत नाही. चुकीस चिकटून बसला म्हणजे संपतो.

वाचकांपैकी कोणास शेतात, विहीर खणताना किंवा जुन्या घराचा पाया काढताना एखादी अनोळखी वस्तू मिळाली, तर काय करावे? ती घासूनपुसून लखलखीत करू नये; मळाबरोबर पुरावाही जातो. कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी मिळाली हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि छायाचित्र घ्यावे. सोबतची खापरे फेकू नयेत, कारण वस्तूचा काळ बहुधा खापरेच सांगतात. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. कायदा बाजूस ठेवला, तरी एवढे ध्यानात असावे, की जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते.

हे मी अधिकारवाणीने सांगत नाही, पश्चात्तापाने सांगत आहे. चरकीचा उलगडा झाल्यावर मी शाळेचे जुने डेड-स्टॉक रजिस्टर काढविले. मूलोद्योग शिक्षणाच्या काळात शाळेत सूतकताईचा वर्ग चालत असे. त्या पानांवर टकळ्यांच्या नोंदीखाली स्पष्ट अक्षरात लिहिले होते: ‘चरकी, लाकडी, एक.’ वस्तू ‘कोठून आली हे कोणास ठाऊक नाही’ असे आम्ही म्हणत होतो. वास्तविक ते आमच्याच कपाटात लिहून ठेवलेले होते. मग मी अलीकडची पाने चाळली. चार वर्षांपूर्वी निरुपयोगी सामानाची एक यादी मंजूर होऊन ते भंगारात विकले गेले होते. तीत एक ओळ होती: ‘मोडके लाकूड, किरकोळ.’ चरकीचा सांगाडा, तिचा दांडा आणि दुसरा रूळ त्या एका ओळीत गेले असले पाहिजेत. यादीखाली मुख्याध्यापकाची सही होती, आणि ती माझी होती.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे मजपाशीच निघाले. उरलेला रूळ आता शाळेच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात ठेवला आहे. जुनी चिठ्ठी काढून टाकली असून नवीन चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘कापसातील सरकी काढण्याच्या चरकीचा एक रूळ. शाळेच्या सूतकताई वर्गातील. ओळख पटविली: शिपाईमामांच्या मातोश्री. दुसरा रूळ शाळेच्या हलगर्जीपणामुळे गहाळ.’ शेवटचे वाक्य काढून टाकावे असे एका सहकाऱ्याने सुचविले होते. मी ते ठेवले आहे. मुले कपाटापुढे उभी राहतात, चिठ्ठी वाचतात आणि तेच वाक्य एकमेकांस दाखवितात.